कराच्या मुदती व शेतकर्‍याची मुदतवही

नुसत्या शेतीवर भागत नाहीं म्हणून कांहीं ना कांहीं जोडधंदा करण्याची चाल आतां आपल्या शेतकरी वर्गांत सर्वत्र पडली आहे. कोणी दुधाचा धंदा करतो, कोणी कोंबड्या पाळतो, कोणी ट्रॅक्टर भाड्यानें फिरवितो, कोणी उसाच्या वाहतुकीस ट्रक लावतो, तर कोणी बाजाराच्या गांवीं खत-बियाण्याचें दुकान घालतो. धंदा वाढला म्हणजे त्याच्या मागोमाग सरकारी कर येतो, आणि करासोबत तारखा येतात. कर किती बसतो ह्याविषयीं आपले लोक पुष्कळ चर्चा करतात; परंतु तो कोणत्या तारखेच्या आंत भरावयाचा, व त्याचें पत्रक केव्हां दाखल करावयाचें, ह्याकडे फारच थोड्यांचें लक्ष असतें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें, व तेथें तारखा सांभाळणें हेंच त्याचें मुख्य काम होतें. असें असूनहि स्वतःच्या घरांत एक तारीख त्याच्याच सल्ल्यानें चुकली. ती हकीकत प्रथम सांगून मग त्यावरील उपाय सांगावा, असें योजिलें आहे.

चुकलेली तारीख

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. जमीन भावाच्या नांवावर आहे. कोंबड्यांचा धंदा पुतण्याच्या नांवावर आहे. २०२०-२१ हें वर्ष त्यास फार वाईट गेलें. आरंभीं टाळेबंदीमुळें माल उचलला गेला नाहीं; पुढें जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्ल्यूचा रोग सांपडल्याची बातमी पसरली आणि सगळीकडे भाव कोसळले. वर्षअखेर हिशेब केला तेव्हां धंद्यांत ४,२०,००० रुपयांचा तोटा निघाला.

तोटा झाला त्या वर्षीं प्राप्तिकराचें विवरणपत्र कशास भरावयाचें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याच वर्षीं तें वेळेवर भरण्याची अधिक गरज असते. धंद्यांतील तोटा पुढील आठ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यांतून वळता करून घेण्याची सवलत कायद्यानें दिली आहे. पण ज्या वर्षीं तोटा झाला त्या वर्षाचें विवरणपत्र ठरलेल्या मुदतींत दाखल झालेलें असलें पाहिजे, अशी तिला अट आहे. मुदत टळल्यावर पत्रक भरतां येतें, परंतु तोटा पुढें नेतां येत नाहीं.

त्या वर्षाची मूळची मुदत ३१ जुलै २०२१ होती. ती प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, व नंतर ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत वाढविण्यांत आली. डिसेंबरच्या मध्यावर पुतण्या मला म्हणाला, "तात्या, कागद तयार आहेत. तालुक्याला जाऊन भरून येऊं का?" त्या वेळीं घरीं तुरीची काढणी चालली होती. मीं त्यास म्हटलें, "दोन वेळां वाढविली ती तिसर्‍यांदांहि वाढवितील. तूर घरांत येऊं दे, मग जा." ज्यांच्या हिशेबाचें लेखापरीक्षण लागत नाहीं अशा लोकांना तिसरी मुदतवाढ मिळाली नाहीं. पत्रक १२ जानेवारी २०२२ रोजीं दाखल झालें. कागद सरकारांत पोहोंचला, पण तोटा पुढें नेण्याचा हक्क बुडाला.

पुढील वर्षीं धंदा सांवरला व ६,८०,००० रुपये नफा झाला. मागील तोटा वळता करतां आला असता तर करपात्र उत्पन्न २,६०,००० रुपये राहिलें असतें. आणि त्या वेळच्या जुन्या पद्धतीप्रमाणें पांच लाखांपर्यंतच्या उत्पन्नास करांत सूट असल्यामुळें कर कांहींच पडला नसता. तोटा वळता न झाल्यामुळें सबंध नफ्यावर, उपकर धरून, ५०,४४० रुपये कर भरावा लागला. बारा दिवसांच्या उशिराची ती किंमत होय. पुतण्यानें मला एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं. परंतु ज्यानें नोकरींत दुसर्‍यांच्या मुदती कधीं चुकूं दिल्या नाहींत, त्यास ती गोष्ट अद्यापि सलते. हा लेख त्या सलण्यांतूनच लिहिला आहे.

शेतीचें उत्पन्न कोणतें व धंद्याचें कोणतें

तारखांकडे वळण्यापूर्वीं कोणाला त्या लागू आहेत तें पाहूं. आपल्या जमिनींत पिकविलेलें धान्य, ऊस, कापूस, भाजीपाला, फळें ह्यांच्या विक्रीचें उत्पन्न शेतीचें असून त्यावर प्राप्तिकर नाहीं. रोपवाटिकेंतील रोपांचें उत्पन्नहि शेतीचेंच धरलें जातें. परंतु दुधाचा धंदा, कोंबड्या, ट्रॅक्टरचें भाडें, वाहतूक, दुकान, पिठाची गिरणी, अडत ह्यांचें उत्पन्न शेतकर्‍याच्या घरीं येत असलें तरी तें धंद्याचें उत्पन्न होय. "आम्ही शेतकरी, आम्हांस कर नाहीं" हें वाक्य अर्धेंच खरें आहे.

ह्यांत आणखी एक बारकावा आहे. शेतीचें निव्वळ उत्पन्न वर्षास ५,००० रुपयांहून अधिक असलें, आणि इतर उत्पन्न करमाफीच्या मर्यादेच्या वर गेलें, तर शेतीवर कर बसत नसला तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्न हिशेबांत धरलें जातें. म्हणून विवरणपत्रांत तेंहि दाखवावें लागतें, व त्यासाठीं पिकाच्या पट्ट्या जपून ठेवाव्या लागतात.

वस्तु व सेवा कराचेंहि असेंच आहे. स्वतःच्या शेतांतील माल विकणार्‍या कास्तकारास त्या मालापुरती नोंदणीची जरुरी नाहीं. तथापि खत-बियाण्याच्या दुकानासारखा मालाचा व्यापार असून वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेली, किंवा सेवेचा धंदा असून ती २० लाखांच्या वर गेली, म्हणजे महाराष्ट्रांत सामान्यतः नोंदणी करावी लागते. एकदां नोंदणी झाली कीं तारखांचा फेरा सुरू झाला असें समजावें.

वर्ष कोणतें धरावयाचें

शेतकर्‍याच्या घरांत तीन वर्षें एकाच वेळीं चालत असतात, आणि तारखा चुकण्याचें हें एक मोठें कारण आहे. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. सातबारा व पीकपाहणी त्या वर्षाप्रमाणें चालतात. व्यापार्‍याचें जुनें वर्ष दिवाळीच्या पाडव्यास सुरू होतें व त्या दिवशीं वहीपूजन होतें. कराचें वर्ष मात्र १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत असतें. पूर्वीं दिवाळी वर्षाप्रमाणें हिशेब ठेवून कर भरण्याची मुभा होती. १९८९ पासून ती गेली व सर्वांना एप्रिल-मार्च हेंच वर्ष लागू झालें. तेव्हां दिवाळीस नवी वही खुशाल पूजावी, पण कराचा हिशेब ३१ मार्चला तोडावा. शिल्लक मालाची मोजदाद, येणें-देणें व रोकड त्याच दिवशींची लिहून ठेवावी.

आणखी एक नवी गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे. जुन्या कायद्यांत उत्पन्नाचें वर्ष एक व आकारणीचें वर्ष दुसरें, असा घोटाळा होता. ज्या वर्षीं मिळविलें त्याचें "आकारणी वर्ष" त्याच्या पुढचें असे, व पुष्कळ लोक चलनावर चुकीचें वर्ष घालून बसत. नव्या कायद्यांत "करवर्ष" हा एकच शब्द ठेवला आहे. मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचीं जुनीं प्रकरणें जुन्या कायद्याखालींच चालावयाचीं. म्हणून चलन भरतांना वर्ष दोनदां वाचून पाहावें.

तिथि व तारीख

आपला शेतकरी कालगणनेंत कच्चा आहे असें कोणी म्हणूं नये. मृग जूनच्या सातव्या-आठव्या तारखेस लागतें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. पावसाचीं नक्षत्रें सूर्यावर चालतात म्हणून तीं दरवर्षीं जवळजवळ त्याच तारखेस येतात. सण मात्र तिथीवर चालतात व मागें-पुढें सरकतात. लक्ष्मीपूजन २०२४ सालीं १ नोव्हेंबरला होतें, २०२५ सालीं २१ ऑक्टोबरला होतें, आणि २०२६ सालीं तें ८ नोव्हेंबरला आहे. कराच्या तारखा नक्षत्रांसारख्या स्थिर आहेत. यास्तव "दिवाळी झाल्यावर भरूं", "पोळ्याच्या सुमारास पाहूं" असें म्हणून त्या सणांशीं बांधूं नयेत. बांधावयाच्या असल्या तर नक्षत्राशीं बांधाव्या. मृग लागल्यावर आठवड्यानें आगाऊ कराचा पहिला हप्ता येतो, असें एकदां मनांत बसलें म्हणजे तें विसरत नाहीं.

वर्षांतील मुख्य तारखा

आतां ज्या तारखा जोडधंदा करणार्‍या शेतकर्‍यास सामान्यतः लागतात, त्या क्रमानें देतों.

आगाऊ प्राप्तिकर. वर्षाचा कर, कापून गेलेली रक्कम वजा जातां, १०,००० रुपये किंवा अधिक होईल असा अंदाज असेल तर तो वर्ष चालू असतांनाच चार हप्त्यांनीं भरावा लागतो. १५ जूनपर्यंत एकूण कराचे शेंकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत शेंकडा ४५, १५ डिसेंबरपर्यंत शेंकडा ७५ व १५ मार्चपर्यंत पूर्ण. उदाहरणार्थ, वर्षाचा कर ४०,००० रुपये होणार असेल तर जूनमध्यें ६,०००, सप्टेंबरमध्यें १२,०००, डिसेंबरमध्यें १२,००० व मार्चमध्यें १०,००० भरावे. जे लोक उलाढालीवर ठराविक टक्क्यांनीं नफा दाखविण्याच्या अंदाजी पद्धतीनें कर भरतात, त्यांना ही सबंध रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरण्याची मोकळीक आहे. अडत व दलालीच्या धंद्यास ती अंदाजी पद्धति लागू नाहीं, हें अडत्यांनीं लक्षांत ठेवावें.

हप्ते चुकल्यास काय होतें, तें वरच्याच उदाहरणावरून पाहूं. मार्चअखेर एकहि हप्ता न भरतां सर्व ४०,००० रुपये १० जुलैला भरले, तर पहिल्या हप्त्याबद्दल ६,००० वर शेंकडा तीन म्हणजे १८०, दुसर्‍याबद्दल १८,००० वर ५४०, तिसर्‍याबद्दल ३०,००० वर ९००, व चौथ्याबद्दल ४०,००० वर शेंकडा एक म्हणजे ४००, असे २,०२० रुपये व्याज होतें. शिवाय एप्रिलपासून जुलैपर्यंतच्या चार महिन्यांचें, दरमहा शेंकडा एक ह्याप्रमाणें, १,६०० रुपये. एकूण ३,६२०. एवढ्या रकमेंत एका पाळीव जनावराचा बराच काळ खुराक होतो.

प्राप्तिकराचें विवरणपत्र. ज्यांना लेखापरीक्षण लागत नाहीं त्यांची जुनी ठरलेली तारीख ३१ जुलै. ज्यांना तें लागतें त्यांनीं लेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत व विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावयाचें. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पांत, लेखापरीक्षण न लागणार्‍या धंदेवाल्यांस ३१ ऑगस्टपर्यंत मुदत देण्याची तजवीज मांडण्यांत आली. ती गोष्ट चांगली असली तरी माझा सल्ला असा कीं, शेतकर्‍यानें आपल्या मनांतील तारीख ३१ जुलै हीच राहूं द्यावी. मिळालेला महिना अडीअडचणीसाठीं राखून ठेवावा. मुदत टळल्यावर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचें पत्रक घेतात. पण त्यास ५,००० रुपये, आणि एकूण उत्पन्न पांच लाखांच्या आंत असल्यास १,००० रुपये, विलंब आकार पडतो.

वस्तु व सेवा कर. ज्यांची उलाढाल वर्षास पांच कोटींच्या आंत आहे त्यांना तिमाही पत्रकें भरण्याची सोय आहे. ती घेणार्‍या महाराष्ट्रांतील व्यापार्‍यानें विक्रीचें पत्रक, म्हणजे जीएसटीआर-१, तिमाही संपल्यावरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, व कराचें पत्रक, म्हणजे जीएसटीआर-३ब, २२ तारखेपर्यंत भरावें. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र त्या त्या पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. पत्रक तिमाही असलें तरी पैसे मासिक आहेत, हें बरेच लोक विसरतात. दरमहा पत्रक भरणार्‍यांस ह्याच तारखा अनुक्रमें ११ व २० अशा आहेत. ठोक कराची आपसमेळ योजना घेतलेल्या लहान दुकानदारानें तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हें पत्रक भरून कर भरावा, आणि वर्षाचें जीएसटीआर-४ हें पत्रक ३० जूनपर्यंत द्यावें. ही वार्षिक तारीख पूर्वीं ३० एप्रिल होती.

व्यवसाय कर. महाराष्ट्रांत धंदा करणार्‍यास वर्षास २,५०० रुपये व्यवसाय कर आहे. पूर्वींच नांव नोंदलेल्यांनीं तो ३० जूनपर्यंत भरावा.

ह्यावरून दिसेल कीं जून हा सर्वांत अवघड महिना आहे. पेरणीच्या धांदलीच्या त्याच दिवसांत आगाऊ कराचा हप्ता, ठोक कराचें वार्षिक पत्रक व व्यवसाय कर हीं तीन कामें येतात. जो शहाणा असेल त्यानें हीं तिन्हीं कामें रोहिणी नक्षत्रांत, म्हणजे मेअखेरीस, उरकून घ्यावीं.

मुदतवही कशी ठेवावी

सरकारी कचेरींत कागद सहा गठ्ठ्यांत ठेवण्याची पद्धति आहे. त्यांतील एक गठ्ठा "नियतकालिकें" ह्या नांवाचा असतो. जीं पत्रकें दर महिन्यास, तिमाहीस वा वर्षास वरच्या कचेरीला पाठवावीं लागतात, तीं ह्यांत असतात, आणि त्यांची एक स्वतंत्र नोंदवही असते. कारकून आठवणीवर विसंबत नाहीं. तो वहीवर विसंबतो. बदली झाली तरी पुढचा कारकून त्याच वहीवरून काम चालवितो. घरच्या धंद्यासहि अशीच एक वही पुरे. दोनशें पानांची साधी जाड वही घ्यावी, मोबाइलवर स्मरणाची सोय असली तरी वही ठेवावीच. कारण मोबाइल एकाच्या खिशांत असतो व वही घरांतल्या सर्वांस दिसते. तींत पुढील रकाने आंखावे.

१. अनुक्रम.
२. कोणाच्या नांवें. एकाच घरांत दुकान बापाच्या, ट्रॅक्टर मुलाच्या व दुधाचा धंदा सुनेच्या नांवावर असूं शकतो. प्रत्येकाची नोंद निराळी करावी.
३. कोणतें पत्रक किंवा भरणा.
४. कोणत्या महिन्याचा, तिमाहीचा वा वर्षाचा.
५. सरकारी मुदत.
६. घरची मुदत. ही सरकारी मुदतीच्या निदान पांच दिवस, व वार्षिक पत्रकांस निदान तीन आठवडे अलीकडची असावी.
७. लागणारे कागद, व ते कोणाकडून आणावयाचे.
८. भरलेली रक्कम.
९. दाखल केल्याची तारीख.
१०. पोच किंवा चलनाचा क्रमांक.
११. शेरा.

पहिले सात रकाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत सबंध वर्षाचे एका बैठकींत भरून टाकावे. काम होईल तसे पुढचे रकाने भरावे. ह्या वहीचा एकच कडक नियम आहे: दहाव्या रकान्यांत पोच क्रमांक पडल्यावांचून ओळ पुरी झाली असें समजूं नये. "दिलें आहे", "सांगितलें आहे", "होऊन जाईल" हे शब्द त्या रकान्यांत लिहितां येत नाहींत, हाच त्याचा गुण.

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस, किंवा गांवच्या पहिल्या बाजाराच्या दिवशीं, वही उघडून त्या महिन्याच्या ओळी मोठ्यानें वाचाव्या. घरांतील शाळेंत जाणार्‍या मुलास वा मुलीस हें वाचनाचें काम दिल्यास दोन हेतु साधतात. आमच्या घरीं हें काम आतां पुतण्याची मुलगी करते, व तिच्या आजोबांनीं "पुढच्या आठवड्यांत पाहूं" म्हटलें तर ती त्यांस तसें म्हणूं देत नाहीं.

मुदत वाढली तर काय करावें

मुदती वाढतात, हें खरें आहे. २०२४-२५ च्या उत्पन्नाची ३१ जुलै २०२५ ही मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढविली, व शेवटीं आणखी एका दिवसानें, म्हणजे १६ सप्टेंबरपर्यंत नेली. परंतु मुदतवाढ हा सरकारचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. शिवाय ती कधीं एकाच वर्गास मिळते, कधीं एकाच पत्रकास मिळते. विवरणपत्राची तारीख वाढली म्हणजे आगाऊ कराच्या हप्त्याची तारीख वाढली असें होत नाहीं. मुदत वाढल्यास पांचव्या रकान्यांत जुन्या तारखेवर एक रेघ मारून नवी तारीख व ती कोणत्या आदेशानें वाढली तें लिहावें. सहावा रकाना, म्हणजे घरची मुदत, मात्र बदलूं नये. हा नियम मीं स्वतःस धडा मिळाल्यावर केला आहे.

नेहमींच्या चार चुका

पहिली चूक "शून्य" पत्रकाची. तिमाहींत विक्री झाली नाहीं म्हणून पत्रक भरावयाचें नाहीं, अशी समजूत आहे. वस्तु व सेवा कराची नोंदणी जिवंत आहे तोंवर विक्री शून्य असली तरी पत्रक द्यावें लागतें. न दिल्यास शून्य पत्रकास दिवसास २० रुपये व इतरांस ५० रुपये विलंब शुल्क चढतें. त्यास कमाल मर्यादा आहे, पण ती प्रत्येक पत्रकास निराळी आहे. दरमहा भरणार्‍यानें लागोपाठ सहा महिने पत्रकें न दिल्यास नोंदणी रद्द होण्याची पाळी येते. त्यांत दुसर्‍याचेंहि नुकसान आहे: आपण विक्रीचें पत्रक दिलें नाहीं तर आपल्याकडून माल घेणार्‍या नोंदणीकृत व्यापार्‍यास त्या कराची वजावट मिळत नाहीं, व तो पुढें आपल्या दुकानाची पायरी चढत नाहीं. धंदा खरोखर बंद केला असल्यास नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी.

दुसरी चूक पडताळणीची. प्राप्तिकराचें विवरणपत्र संगणकावर पाठविलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्यानंतर ३० दिवसांच्या आंत आधारच्या सांकेतिक अंकानें वा अन्य मान्य रीतीनें त्याची पडताळणी करावी लागते. ती उशिरा केल्यास ज्या दिवशीं पडताळणी झाली तोच दाखल करण्याचा दिवस धरला जातो, आणि वेळेवर भरलेलें पत्रक उशिराचें ठरतें. म्हणून मुदतवहींत पडताळणीची ओळ निराळी घालावी.

तिसरी चूक सर्वस्वी दुसर्‍यावर टाकण्याची. कर सल्लागाराकडे काम देणें योग्यच आहे. पण त्याच्याकडे शेंकडों लोकांचीं कामें असतात व शेवटच्या आठवड्यांत तो आपला दूरध्वनि उचलूं शकत नाहीं. कायद्यानें जबाबदारी आपली आहे. नोंदणींत दूरध्वनि क्रमांक व ई-पत्ता सल्लागाराचा न घालतां आपला घालावा, म्हणजे सरकारी सूचना थेट आपल्याकडे येतील. परवलीचा शब्द आपल्या ताब्यांत ठेवावा. कागद घरच्या मुदतीपूर्वीं त्यास द्यावे व पोच मागून घ्यावी.

चौथी चूक कागद फेकण्याची. विक्रीच्या पावत्या, खाद्याचीं व औषधांचीं बिलें, डिझेलच्या पावत्या, बँकेचे उतारे हे सर्व महिन्यागणिक एका पाकिटांत घालून पाकिटावर महिना लिहावा. वस्तु व सेवा कराचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक पत्रकाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. उंदीर व ओल ह्यांपासून जपण्यास पत्र्याची पेटी उत्तम.

ह्यापासून लाभ

कोणी म्हणेल कीं एवढी यातायात करून दंड वांचला तर हजार-दोन हजारच वांचणार. तसें नाहीं. नवा ट्रॅक्टर, शेड किंवा दुकानाची वाढ ह्यांसाठीं कर्ज मागावयास गेल्यावर बँक मागील वर्षांचीं विवरणपत्रें मागते. त्यांत खंड असल्यास किंवा तीं सर्व एकाच आठवड्यांत घाईनें भरलेलीं दिसल्यास अधिकारी साशंक होतो. वेळच्या वेळीं भरलेल्या पत्रकांची माळ ही शेतकर्‍याच्या धंद्याची पत होय. आणि वाईट वर्ष आलें, रोगानें पक्षी मेले, जनावर दगावलें, ट्रक पडून राहिला, तर तो तोटा पुढच्या चांगल्या वर्षांत वळता करण्याचा हक्क वेळेवर भरलेल्या त्या एका पत्रकावर अवलंबून असतो. पीक बुडालें तर विम्याचा दावा ठराविक वेळांत द्यावा लागतो, हें आतां आपण शिकलों आहों; धंद्यांतील तोट्याची गोष्ट त्याहून निराळी नाहीं.

ह्या महिन्यांत करावयाचें काम

लेख वाचून बाजूस ठेवल्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणून प्रत्येक वाचकानें येत्या बाजाराच्या दिवशीं पुढील तीन गोष्टी कराव्या. एक, वही विकत आणून अकरा रकाने आंखावे. दोन, घरांत कोणाच्या नांवें कोणता धंदा व कोणती नोंदणी आहे ह्याची यादी पहिल्या पानावर लिहावी. पुष्कळांस हें लिहितांनाच एखादी विसरलेली नोंदणी आठवेल. तीन, पुढील तीन महिन्यांच्या तारखा वरील यादीवरून घेऊन, आपल्या कर सल्लागारास दाखवून, पांचव्या व सहाव्या रकान्यांत लिहाव्या. तारखांत सरकार वेळोवेळीं फेरफार करतें, यास्तव दर एप्रिलमध्यें यादी नव्यानें तपासून घ्यावी.

पुतण्याच्या धंद्याच्या वहीला आतां चार वर्षें झालीं. त्या वहीच्या पहिल्या ओळींत त्यानें मुद्दाम २०२०-२१ चें विवरणपत्र लिहिलें आहे. मुदत ३१ डिसेंबर २०२१, दाखल १२ जानेवारी २०२२. शेर्‍याच्या रकान्यांत त्यानें कांहींच लिहिलें नव्हतें. तो रकाना मीं माझ्या हातानें भरला: "तात्यांच्या सल्ल्यानें उशीर." त्यानंतर त्या वहींत तसा शेरा पुन्हां लिहावा लागलेला नाहीं.